दादाची कमान

चिखली, ४ डिसेंबर २०२४

ती. दादास, विजयश्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतोस, म्हणून लिहिते आहे. आईच्या वर्षश्राद्धाआधी तू आमच्या चित्रसंग्रहालयात शाल-श्रीफळ घेतलंस, फेटा बांधून घेतलास आणि माइकवर सांगितलंस की आईच्या, कै. कुशाबाईंच्या नावाने कायमची ठेव देणार. मुद्दल तसंच राहील आणि नुसत्या व्याजावर मुलांचा चित्रवर्ग चालेल. टाळ्या पडल्या, ठेव काही आली नाही. निघोज्याहून मुलांना आणणारी बस संक्रांतीनंतर बंद होते आहे. मी तिथे शिकवते, त्यामुळे सगळे मलाच विचारतात. मला लाज वाटते. निदान फेटा तरी परत कर, भाड्याचा होता.

वहिनींना नमस्कार.

तुझी विजू

निघोजे, ११ डिसेंबर २०२४

चि. विजयश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. पैसे द्यायचे, ते बँकेत पडून राहणार, कुणाला दिसणारही नाहीत, याला काय दान म्हणायचं? माझा फोटो कुठे लावणार असं संग्रहालय चालवणाऱ्या तुमच्या सुमनताईंना विचारलं, तर म्हणाल्या, भिंती चित्रांसाठी आहेत. मग राहू दे. ती रक्कम मी गावच्या कमानीला दिली. वर माझं नाव, बाजूला फोटो, हायवेवरून दिसेल असा. कामगारांच्या पोरांनी रेघोट्या मारून काय होणार? शेवटी शिफ्टलाच जाणार.

राहिलेलं रान कंपनी घेते आहे. मंगळवारी राजगुरुनगरला येऊन बहिणीच्या रीतीप्रमाणे हक्कसोडपत्रावर सही कर. साडी आणून ठेवली आहे. तब्येतीला जप.

तुझा दादासाहेब

चिखली, १६ डिसेंबर २०२४

ती. दादास, सा. न.

साडी वहिनींना दे. रीत म्हणून मी मुकाट्याने सही करणारच होते, पण तुझं ‘रेघोट्या’ वाचलं आणि मन विटलं. मी सही करणार नाही. माझ्या हिश्शाचं जे येईल, ते सगळं आईच्या नावाने ठेवीत जाईल. सुमनताईंना तसं सांगून आले. तू चिडशील, भाऊबीजेला बोलावणार नाहीस, हे धरूनच चालले आहे.

कमान मात्र जरूर उभी कर. कुशाबाई चित्रवर्गाची बस दर शनिवारी तिच्याखालूनच येईल. वरचा मिशीवाला कोण, असं मुलं विचारतील. मी सांगेन, कुशाबाईंचा मुलगा.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझी वाटेकरी बहीण,
विजयश्री