बाजेच्या उंचीची गाडी

तीर्थरूप भिकाबाईस, धाकट्या रामप्रसादचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (माझे अजून टेकतात). जय सेवालाल. इकडे सगळे खुशाल. तुझ्या गुडघ्यांची खुशाली विचारत नाही, कारण विचारलं की तू 'हायेत जागेवर' म्हणून फोन ठेवून देतेस. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही. तुझ्या शेजारच्या पेमावहिनी वाचून दाखवतील. (वहिनी, सावकाश वाचा, आणि कंसातलं मोठ्यानं वाचू नका.)

तर आमच्या शिलाच्या लग्नाला येत नाही, असा तुझा निरोप मिळाला. 'चार माणसांनी मला हळदीच्या पोत्यावाणी जीपमधी चढवायचं अन् साऱ्या तांड्यानं बघायचं, ते न्हाई व्हायचं,' हे तुझेच शब्द. शिला रुसून बसली आहे. सासरी निघताना पोरगी गळ्यात पडून ढावलो म्हणते, तो रडका सूर तिला आत्याकडूनच शिकायचा आहे. (तिची आई शिकवायला बसली होती. ऐकून शेळ्या पांगल्या.) मग मी ठरवलं, बाई स्वतःची स्वतः बसेल अशी गाडी करायची. वारंगा फाट्यावर ट्रॉल्यांना वेल्डिंग करण्यात माझी उमर गेली, आणि मला एक बहीण गाडीत बसवता येऊ नये?

एक जुनी तीनचाकी रिक्षा घेतली. सीट जितकी खाली तितकं बसायला सोपं, असं समजून ती पार खाली नेली आणि तुझ्या भावजयीला बसवून पाहिलं. बसली छान, पण उठेना. शेवटी शेजारच्या टायरवाल्यानं आणि मी मिळून ओढून काढली (त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं). मग सटवाजीच्या सलूनमधली फिरती खुर्ची आणून बसवली. तोंड बाहेर करून बसायचं आणि मग आत वळायचं, अशी नामी कल्पना होती. फाट्याच्या वळणावर खुर्ची आपली आपण फिरली, आणि भावजय मागून येणाऱ्या वसमतच्या एसटीकडे तोंड करून घरापर्यंत आली. एसटीचा ड्रायव्हर अजून विचारतो, वहिनी बऱ्या आहेत ना.

माझ्या शेजारच्या दुकानात नासेर सीटा शिवतो. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, 'काहून ही तकलीफ, भाऊ? बाईला बसवून राहिला का झोका देऊन राहिला? अन् बाई साडी नेसत्यात का फेटिया?'

बाई, जन्मभर तुझा तो आरशांचा घेरदार फेटिया पाहिला, आणि मी माप घेतलं भावजयीच्या साडीवर. लगेच तिला माझ्या सासूचा जुना फेटिया घालून बसवली. अर्धा घेर आत, अर्धा दारात अडकलेला, आणि आरसे खाली. ते वेचताना आठवलं, वडिलांच्या बैलगाडीत तू कशी बसायचीस. पाठमोरी यायचीस, घेर सावरून मागच्या कडेवर टेकायचीस आणि मग पाय वर घ्यायचीस. कुणाचा हात लागायचा नाही.

आता दार मागं आहे. सीट दारातच, तुझ्या बाजेच्या उंचीची. तू टेकायचं, पाय उचलायचे, की सीट रुळावरून आत सरकते. धरायच्या दांडीला नासेरनं मऊ कापड गुंडाळलंय, तुझ्या बांगड्या आपटू नयेत म्हणून. तो स्वतः बसून 'आता बराबर' म्हणाला आणि चहा येईपर्यंत उतरला नाही. बाजेचं माप कुठून आणलं म्हणशील. मागच्या खेपेला मी तुझ्या बाजेखाली चप्पल शोधत होतो, आठवतं? चप्पल पायातच होती.

बाई, तुझ्याशिवाय मांडव मला ओकाबोका वाटेल. रविवारी मीच घ्यायला येतो. तू बसत असताना मी दुसरीकडे बघेन.

तुझा धाकटा,
रामप्रसाद

ता. क. लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी तुला घरी आणून सोडतो. काळजी करू नको.

ता. क. दुसरा. (पेमावहिनी, हे फक्त तुमच्यासाठी. वरचं खोटं आहे. शिला गेली की आमचं घर रिकामं होणार, आणि तिची पोरं पुण्याला गेल्यापासून बाई तिकडं एकटीच भाकरी थापते. सीटखाली एक लांब खण केलाय. बाईनं विचारलं तर पाने-पकडींसाठी आहे म्हणा. तो तिच्या अंथरुणाच्या मापाचा आहे. ती टेकायच्या आधी अंथरूण गुपचूप आत ढकला. एकदा बसली की तिला वाकून खाली बघता येत नाही.)