अडचण नसलेली बाई

३१ ऑगस्ट २०२५

पुन्हा आली! दोन वर्षांपूर्वी गेलेली पाळी या हार्मोनच्या गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला येते. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई बोलल्याच होत्या, "अंगावरून थोडं जाईल, घाबरू नका." मी नाही घाबरले. घर घाबरलं. उद्या महालक्ष्म्यांचं जेवण, आणि मी बाजूला!

१ सप्टेंबर

सगळा स्वयंपाक धाकट्या जावेवर, हर्षालीवर पडला. पुरण वाटता वाटता मला ऐकू येईल असं म्हणाली, "चव्वेचाळीस वय, अन् हौस बघा!"

हौस! दहा वर्षांचा संधिवात. त्याच्या औषधांनी हाडं ठिसूळ, त्यात पाळी लवकर गेली. नुसतं दार ओढताना मनगट मोडलं, तेव्हा कुठं या गोळ्या मिळाल्या.

पाळी गेली तेव्हा काय आनंद या घराला! "शिवकन्याला आता अडचण न्हाय." तेव्हापासून नैवेद्य माझा, कुरडया माझ्या, नवरात्राचा घट माझा. बोटं मिटत नव्हती, तरी माझंच. अडचण नसलेली बाई म्हणजे बिनपगारी गडी.

१८ सप्टेंबर

सासूबाईंचा हुकूम — "ऐन घटात येईल तुझी. आत्ताच बंद कर गोळ्या. दसरा झाला की मग खा."

यांनी मान हलवली. म्हणे, नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे! मी म्हटलं, मध्येच बंद करायच्या नाहीत असं सांगितलंय. कितीतरी दिवसांनी रात्रभर झोप लागतेय मला. घामानं भिजून उठत नाही. हे शेजारीच झोपतात, पण यांना कधी दिसलं नाही.

नाही करणार बंद.

२२ सप्टेंबर

घट हर्षालीनं बसवला. तिची तारीख जवळ होती, म्हणून नळदुर्गहून पाळी पुढं ढकलायची गोळी आणली. आणली कुणी? यांनीच! गाडी काढून!

ती गोळी देवीला चालते. माझी चालत नाही.

२८ सप्टेंबर

आली. गोधडी घेऊन बाहेरच्या खोलीत.

८ नोव्हेंबर

सोलापूर. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या. या रोज एकसारख्या घ्यायच्या. दोन-तीन महिन्यांत अंगावरून जाणं थांबेल म्हणाल्या.

घरी कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१७ जानेवारी २०२६

दोन महिने काहीच नाही. तरी आज सकाळी गोधडी उचलली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. 'आली' असं तोंडानं म्हटलं नाही. आत हर्षालीची भांड्यांची आदळआपट चाललीय. उद्या अमावास्येचा नैवेद्य आहे.

लाज वाटायला हवी. अजिबात वाटत नाही!

१८ जानेवारी

सासूबाईंनी दारातून चहाचा कप आत सरकवला. मागं वळून बघितलं. हळूच म्हणाल्या, "पॅडचं पाकीट फोडलंबी न्हाईस की गं तू."

मी पाय पोटाशी घेतले.

"माझी गेली तवा म्याबी चार वरसं कुणाला कळू दिलं न्हवतं. पाय लांब करून बस."