भुंगा अंगणात परतला

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि रोज काहीतरी काम काढून उठतो. माझी ही खोड तुला लहानपणापासून ठाऊक आहे. हाताचे टाके निघाले. जेवण बेचव असतं, पण पोटभर मिळतं, तेव्हा ती काळजी सोड.

आपल्या ड्रोनला भुंगा हे नाव तूच ठेवलंस, पहिल्याच लग्नात तो नवरीच्या डोक्यावर गुणगुणत राहिला तेव्हा. सैन्याकडे विमानं मोजकीच उरली आणि लग्नांचं शूटिंग करणाऱ्यांना, शेतं मोजणाऱ्यांना, सगळ्यांनाच आपापले ड्रोन घेऊन बोलावणं आलं. स्टुडिओला कुलूप लावताना तू भाऊजींना बजावलंस, याच्यावर लक्ष ठेवा, हा धांदरट आहे. तुझ्या लेकीने भुंग्यावर चिकटवलेली लाल चांदणी तिथल्या लष्करी साहेबांनी काढायला लावली. भाऊजींनी ती घड्याळाच्या पट्ट्याला आतून चिकटवली.

पूर्वी वरात शोधायचो, आता रणगाडे. साहेबांचा नियम एकच, राहतो तिथून उडवायचं नाही. पडक्या गिरणीपर्यंत चालत जायचं, तिथूनच उडवायचं. कारण संपर्क तुटला की भुंगा आपणहून निघाल्या जागी परततो. लग्नात त्याचा हाच गुण आम्हाला आवडायचा. तो खाली यायचा, भाऊजी त्याला दोन्ही हातांनी अलगद झेलायचे आणि टाळ्या पडायच्या.

त्या सकाळी चिखल होता, माझा पाय मुरगळला होता. भाऊजी आत चहा टाकत होते. म्हटलं, एकदाच, कुणाला कळतंय? आणि अंगणातूनच उडवला. पंधरा मिनिटांत पडदा काळा झाला. भुंगा पाडला गेला असं समजून मी कपाळाला हात लावला, रिमोट पायरीवर टाकला आणि आत जाऊन भाऊजींना सांगितलं. तेवढ्यात बाहेर ओळखीची गुणगुण ऐकू आली. मला रागवायचंही त्यांना सुचलं नाही. कप ठेवून ते धावले, हात वर करून, अगदी लग्नात धावायचे तसे. भुंग्याच्या मागोमाग शत्रूचा स्फोटकं लादलेला ड्रोन आला होता. आम्ही दोघांनीही तो पाहिला नाही.

तू लिहितेस, भाऊजींनी नियम मोडला असं अहवालात वाचल्यापासून तुला रडूही येत नाही, नुसता राग येतो. त्यांचा फोटो तू कपाटात ठेवलास, आणि लेकीला सांगितलंस की बाबांनी आळस केला. ताई, ड्रोन कुणी उडवला असं विचारलं तेव्हा मी भाऊजींचं नाव घेतलं. रिमोट त्यांच्याजवळच सापडला होता, सगळ्यांना पटलं. मी फार भ्यालो होतो गं. आज साहेबांना खरं ते लिहून दिलंय, आता जे व्हायचं ते होवो. चांदणी सोबत पाठवतोय. फोटो कपाटातून बाहेर काढ आणि लेकीला सांग, आळशी बाबा नव्हते, मामा होता.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
धांदरट