कोपनहेगनला जाणार म्हणजे जाणारच

३ मार्च
क्रांट्झसाहेब डेन्मार्कमधले अमेरिकेचे राजदूत! राष्ट्राध्यक्षांनी नाव दिलं, आता सिनेटची मंजुरी तेवढी बाकी. टीव्हीवर ते एकदा डॅनिश लोकांना फुकटे म्हणाले होते, त्यावरून वॉशिंग्टनभर बोंबाबोंब चालू आहे. चालू दे. मतांचा अंदाज बांधणं माझ्याकडे. मंजुरी मिळाली की मी त्यांचा खास सहायक, कोपनहेगनला. आणि मंजुरी मिळणारच.

९ मार्च
पेपरवाले म्हणतात, एका मतावर अडलंय. गाढवं. ते मत सिनेटर हॉलस्टेडबाईंचं, आणि बाई आपल्या खिशात. आज लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून हसल्या. आमची लोर्ना म्हणे, त्या सगळ्यांकडे बघून हसतात. बायकोला राजकारण कळत नाही.

१४ मार्च
इथल्या नोकरीचा राजीनामा. घरमालकालाही कळवून टाकलं. लोर्ना म्हणाली, आधी मतदान तर होऊ दे! मी म्हटलं, ती औपचारिकता. उद्यापासून रोज तासभर डॅनिश.

२० मार्च, रात्री
डेन्मार्कच्या वकिलातीत पार्टी. साहेब नको म्हणत होते, मीच ओढून नेलं. 'हे आमचे नवे राजदूत' अशी सगळ्यांना ओळख करून दिली. कोपनहेगनला साहेबांना मिळणाऱ्या बंगल्यातल्या जेवणघराचा रंग बदलून ठेवा, असंही सुचवलं. यजमान गप्पच झाले. आदर, दुसरं काय! कोपऱ्यात हॉलस्टेडबाई उभ्या होत्या. आज हसल्या नाहीत. तब्येत बरी नसावी.
डॅनिश राहिलं.

२२ मार्च
बाईंनी नियुक्ती रोखली! इथे एक सिनेटर अडून बसला की सगळं ठप्प. त्यांच्या सचिवाने फोनवर माझी बिनपाण्याने केली. मंजुरीआधी राजदूत म्हणून मिरवायचं नाही, सिनेटला गृहीत धरायचं नाही, एवढा साधा रिवाज कळत नाही का, म्हणे. बाजारात तुरी, आणि तुम्ही भिंती रंगवताय! लोर्ना जेवली नाही. बाईंचा हा नुसता रुसवा आहे.

२७ मार्च
साहेब स्वतः बाईंना भेटून आले. माझा खांदा थोपटला, पण नजर भलतीकडेच. बाई तयार आहेत, एकच अट आहे, किरकोळ. उद्या सांगतो म्हणाले. जेवणघराचा रंग तोच ठेवा, अशी असणार. मान्य!

२८ मार्च
मंजूर. एका मताने. मी म्हटलं होतं तस्संच.
अट माझ्याबद्दल होती. हा माणूस कोपनहेगनला जाणार नाही, एवढीच. साहेबांनी विचार करायलाही वेळ मागितला नाही, असं बाईंच्या सचिवाने मुद्दाम फोन करून कळवलं. साहेब फोन उचलत नाहीत.
लोर्नाला सांगितलं. ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. म्हणाली, साहेब आणि बाई महिनाभर एकमेकांच्या उरावर बसले होते, पण तू नकोस म्हटल्यावर एका मिनिटात एकमत झालं बघ त्यांचं. मग म्हणाली, मला विचारलं असतं तर मीही हात वर केला असता.
फार लागलं. रडू आलं.
पण अंदाज बरोबर निघाला, हे तिने कबूल करायला हवं होतं.