दंडावरचा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ

आज आरोग्य समितीच्या बैठकीला मुद्दामच गेले नाही. सातपूरच्या या कॉलनीत घरोघरी बीपी तपासत फिरून जीव विटलाय. पण आमचा नियमच विसरले: जी येणार नाही, तिच्याच घरी त्या दिवशीची बैठक. आणि नियम सुचवला कुणी? मीच! बायका टिकाव्यात म्हणून.

दिवेलागणीला सगळ्या दारात. पुढे भाजीवाल्या शेवंताबाई, काखेत बीपीचं मशीन. माझ्याच गॅसवर त्यांनी चहा टाकला.

मी म्हटलं, "माझं नाव कमी करा."

"करू की. आधी हात दे," म्हणत त्यांनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला.

इतक्यांचं तपासलं, माझं कधी कुणी तपासलंच नव्हतं. पट्टा आवळत गेला. आकडा बघून शेवंताबाईंनी मशीन माझ्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "लय वाढलंय गं. उद्यापासून मी रोज येनार."

चिडू की रडू? सुटायला निघाले होते, आता त्यांच्या फेरीतलं पहिलं घर माझंच. पट्टा केव्हाच काढला. दंड अजून आवळलेलाच वाटतोय.