ओट्याची उंची आणि इतर फसवणुका

२ फेब्रुवारी
सिंकखालचे कपाट कोसळले. शेजारीण धावत आली. तिला वाटले मीच पडलो. मी पडलो नाही असे सांगितले, तरी सगळीकडून बघून गेली. संध्याकाळपर्यंत बातमी मुलीपर्यंत. तिचा फोन. महिनाअखेरीस येते म्हणाली. तोवर स्वयंपाकघर धड करा आणि मला एक वेळचं जेवण स्वतः करून वाढा, मग खुशाल एकटे राहा. नाहीतर बॅग भरून ठेवा, मी घेऊन जाणार. ब्रेड-केळ्यांवर माणूस जगत नाही, बाबा.
मी म्हणालो, जगतो. ही गेल्यापासून जगतोच आहे.
हे बोलायला नको होते. तिने फोन ठेवला.
संकल्प: साधे कपाट, साधी शेगडी. महागड्या वस्तूंच्या नादी लागायचे नाही. घर सोडायचे नाही.

४ फेब्रुवारी, सकाळ
मेहुणा आला. दाजी, दुरुस्ती कसली करता, अख्खं मॉड्युलर किचनच करून टाका, माझ्या मित्राचं शोरूम आहे. मी विचारले, तुला किती सुटतात? तो म्हणाला, दाजी, तुम्ही देवळातल्या पुजाऱ्यालाही पावती मागाल. चहा न घेता गेला. चहा नव्हताच.
मित्राचे शोरूम म्हटल्यावर काय समजायचे ते समजलो.

७ फेब्रुवारी
मुद्दाम दुसऱ्याच शोरूममध्ये गेलो. नुसते बघायला. सोबत माझी टेप, लोहचुंबक आणि जुने वर्तमानपत्र. सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेले मेण मी दारातून ओळखायचो. हे लोक काय मला फसवणार!
चिमणीची ओढ दाखवायला त्यांनी जाळीला कागद लावला. चिकटला. कागद त्यांचा होता. मी माझे वर्तमानपत्र लावले. तेही चिकटले. संशयास्पद.
सेन्सरचा नळ: हात पुढे केला की पाणी, मागे घेतला की बंद. हे कुठे चुकते ते पाहण्यासाठी बराच वेळ हात पुढे-मागे केला. चुकले नाही. बाही भिजली. याची नोंद कंपनीच्या विरुद्ध.
तिथली डिझायनर मुलगी फार गोड बोलते. काका, पाणी देऊ का, काका, बसता का. एवढे गोड कोणी उगाच बोलत नाही.

९ फेब्रुवारी
पुन्हा गेलो. खात्री करण्यासाठी.

१० फेब्रुवारी
पुन्हा. तिथे कॉफी बरी मिळते. नमुन्याच्या स्वयंपाकघरात खुर्च्याही आहेत. बसून पाहिले. भांडी रिकामी, फळे प्लॅस्टिकची, तरी कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखे वाटते. विक्रीची युक्ती. माझ्यावर परिणाम नाही.

१२ फेब्रुवारी
विचारपूर्वक निष्कर्ष: खरी फसवणूक स्वस्त मालातच असते. बिजागरी वर्षात ढिली होते. म्हणजे महागडा मालच काटकसरीचा. वरचा माल मागवायचे ठरवले. हा माझा निर्णय आहे, डिझायनरच्या गोड बोलण्याचा नाही.
फक्त सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर नको म्हणालो. कितीही जोरात ढकला, शेवटी येऊन हळूच मिटतात. डिझायनरला वाटले मी किमतीला बिचकलो. तसे नाही. ज्या घरात ड्रॉवर आपटता येत नाही, तिथे कोणाचे काय बिनसले आहे हे कळणार कसे? मला तर ड्रॉवरवरूनच कळायचे. चमच्यांचा आपटला तर किरकोळ, डब्यांचा आपटला तर मी बाहेर फिरून यायचो.
ती म्हणाली, काका, आवाज व्हावा म्हणून मागणारे तुम्ही पहिलेच.

१४ फेब्रुवारी
डिझायनर मापे घ्यायला घरी. लेझरचे यंत्र आणले होते. लाल ठिपका भिंतीवर पडला की आकडा दिसतो. कोण तपासते असली यंत्रे? मी टेप लावून पडताळले. यंत्र बरोबर निघाले. आज.
मग विचारले, काका, घरात स्वयंपाक कोण करतं? ओट्याची उंची त्या माणसाच्या कोपरावरून ठरते. कोपर वाकवायचं आणि त्याच्या चार बोटं खाली ओटा.
स्वयंपाक कोण करतं, घरात किती माणसं, ही माहिती पुढे विकतात असे ऐकून आहे. म्हणून इतकेच म्हणालो की घरातलेच करतात. आणि यंत्रावर विसंबायला नको म्हणून कोपराची रेघ भिंतीवर मी स्वतः पेन्सिलीने मारली. विचार करावा लागला नाही. स्वयंपाक करताना कोपर कुठवर येते हे मला पाठ आहे.
तिने रेघेकडे पाहिले, मग माझ्याकडे वर पाहिले. नक्की ना, काका? मी म्हणालो, बाई, मापात मी आजवर चुकलेलो नाही. तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. तिने आकडा लिहून घेतला. वचक बसला.

२१ फेब्रुवारी
माल आला, कामगार आले. दिवसभर पाळत ठेवली. एक स्क्रू कमी भरला. तो माझ्याच चपलेखाली सापडला. कामगार हसले. त्यांचा हेतू काय होता ते अजून कळलेले नाही.

२४ फेब्रुवारी
काम पूर्ण. स्वयंपाकघर चकाकते आहे. मी मात्र फसवला गेलो. ओटा खुजा केला आहे! कांदा चिरायचा तर सुरीपर्यंत वाकावे लागते. चिमणीही त्याच हिशेबाने खाली, तिची कड कपाळात दोनदा लागली. सुताराने लाकूड वाचवले, उघड आहे. कडक तक्रार करायची. उद्या.

२५ फेब्रुवारी
तक्रार केली नाही. आधी सराव महत्त्वाचा. अंडी उकडली. वाकून वाकून. अंडी झाली, मी सरळ होईना. अर्धा तास सिंककडे बघत उभा. सेन्सरला वाटले हात पुढे आहे. पाणी चालू.

२८ फेब्रुवारी, दुपार
मुलगी आली. मी बटाटे सोलायला घेतले आणि कमरेत चमक भरली. तिने हाताला धरून खुर्चीत बसवले आणि उरलेले बटाटे स्वतः घेतले. ओट्याशी उभी राहिली तर खांदे सैल, कोपर बरोबर. अंगाने ती तिच्या आईवर गेली आहे. सुरी थांबली. बाबा, हे माप कुणी दिलं?
मी म्हणालो, सुताराची लबाडी.
तिने थेट डिझायनरला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. डिझायनर म्हणाली, ताई, रेघ काकांनीच मारली होती. मी दोनदा विचारलं. मला वाटलं काकू बेताच्या उंचीच्या असतील. त्यांना पसंत पडलं ना? त्या दिसल्याच नाहीत कधी, बाहेरगावी होत्या का?
मुलीने माझ्याकडे पाहिले. मी नळाकडे.
मुलीने हलक्या आवाजात तिला आई गेल्याचे सांगितले. मग डिझायनर म्हणाली, काका, माझं चुकलं. पण ओट्याला खालून पाय आहेत, फिरवले की उंच होतो. माणूस उद्या सकाळी पाठवते, फुकट.
मुलगी म्हणाली, घ्या करून, बाबा. जेवण वगैरे राहू दे, मी तुमच्यापुढे हरले. ओटा तुमच्या मापाचा झाला की राहा इथेच, मी न्यायचं नाव काढणार नाही.
म्हणजे अट माझ्या बाजूने सुटली होती. फक्त हो म्हणायचे होते.
मी फोन हातात घेतला आणि सांगितले, माप बरोबर आहे. माणूस पाठवू नका.
मुलगी म्हणाली, या ओट्याशी तुम्हाला उभं राहवत नाही, मग राहायचं कुठे?
मी म्हणालो, तुझ्याकडे.