अंगावरचं दूध

११ सप्टेंबर
सुटली एकदाची! लांपांगमामांच्या फणसांच्या बागेत ओरांगउटानची मादी तीन दिवस ठाण मांडून होती. पलीकडचं जंगल जळतंय— जाणार कुठे? मामांनीच फोन केला, "भाच्या, तुझी पाहुणी आलीय. सगळे फणस संपवायच्या आत घेऊन जा."
धुरातच पोचलो. आमच्या बचाव केंद्राच्या डॉक्टर रातिहनी विचारलं, "एकटीच आहे ना?" मी दुर्बीण लावली. एकटीच. भुलीची सुई बसली, ती जाळीत पडली. जाळीची एक कड माझ्याकडे— खांदा अजून ठणकतोय. दुपारपर्यंत केंद्रावर आणली.

१२ सप्टेंबर
आनंद एका दिवसाचा. डॉक्टर म्हणतात, तिच्या अंगावर दूध आहे. म्हणजे पिल्लू आहे, दोन-तीन वर्षांचं, अजून पिणारं.
मग गेलं कुठे? ही पिल्लं कुठे जातात ते नऊ वर्षं बघतोय. कुणाच्या तरी घरामागच्या खुराड्यात, नाहीतर होडीतून खाली शहरात, विकायला.

१३ सप्टेंबर
खात नाही. छताकडे बघत बसते.

१५ सप्टेंबर, रविवार
करू नये ते केलं.
दोन दिवस गावात घरोघर विचारत फिरलो. सगळ्यांचं एकच— "आम्ही नाही पाहिलं, बाबा." आज प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मामांना गाठलं. चारचौघांत विचारलं, पिल्लू कुणाला विकलंत?
मामा आधी हसले. थट्टा वाटली असेल. मग म्हणाले, "अरे, विकायचं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"
मी म्हणालो, पिल्लू विकून झाल्यावर आई नकोशीच होते ना!
मागे कुणीतरी फिसकन हसलं. मामी खाली मान घालून उभ्या. मामांनी टोपी घातली आणि चालू लागले.
बाबा गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. होडी त्यांनी शिकवली, झाडावर चढणं त्यांनी शिकवलं.
आईनं दुपारी ताट पुढे सरकवलं. "झालं समाधान?" एवढंच. मासा तसाच राहिला ताटात.

१६ सप्टेंबर
मामी नदीवर धुणं धूत होत्या. हाक मारली, तर अर्धवट धुणं गोळा करून निघून गेल्या.
तरी माझंच बरोबर आहे. दुसरं काय असणार?

१७ सप्टेंबर
दूध आटत चाललंय. डॉक्टर म्हणाल्या, "आता पिल्लू मिळालं तरी..." वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. मादी माझ्याकडे पाठ करूनच बसते.
पोलिसांकडे द्यायचा अर्ज लिहिला. मामांचं नाव लिहिताना पेन दोनदा अडकलं. सही उद्या करतो.

१८ सप्टेंबर
सकाळीच मामांचा फोन. आवाज एकदम हळू, जवळ कुणी झोपलं असावं तसा.
"पिल्लू इथे बागेतच आहे रे. कडेच्या रबराच्या झाडाच्या शेंड्यावर, पानांत दडलेलं. आठवडाभर तिथंच असणार. आज फणसाला उतरलं तेव्हा दिसलं. मी बुंध्याशी बसलोय, कुत्री हाकलत. जाळी घेऊन ये."
फोन कानाशी धरूनच मी जाळी खाली ओढली.
"ऐकतोयस ना? आणि येताना डोळे धुऊन ये. धूर फार आहे."